उचलून नेलेला दवाखाना

१

सोमला तांड्यातला दवाखाना चोरीला गेला. दवाखान्यातली औषधं नाहीत, खुर्च्या नाहीत, पंखा नाही, दवाखानाच. भिंती, छप्पर, दार, खिडक्या सगळं गेलं आणि मागं राहिला सिमेंटचा रिकामा चौथरा. त्यावर एक कोंबडी मालकिणीच्या ऐटीत फिरत होती.

फौजदार सत्यशीला मुनेश्वर त्या चौथऱ्यापाशी उभी राहिली तेव्हा अख्खा तांडा भोवती जमला होता. बोरी अरबच्या फाट्यावरून आत शिरलं की हा बंजाऱ्यांचा तांडा लागतो. नोकरीत सत्यशीलेनं चोरीचे बैल शोधले होते, मोटारी शोधल्या होत्या, एकदा तर वरातीतून पळवलेला घोडाही आणून दिला होता. इमारत हरवल्याची तक्रार मात्र तिच्या बापजन्मात कोणी केली नव्हती. तिला हसू येत होतं आणि ते दाबताना तिचा चेहरा उगाच कडक होत होता.

"हासू नका मॅडम," नागोराव म्हणाला. हा कंत्राटदार. गोलसर, गोडबोल्या, खिशाला दोन पेनं. तक्रार त्यानंच दिली होती. "हे विटांचं काम नाही. तयार घर हाये. भिंती कारखान्यात बनते, आपण अथी आणून फक्त जोडाच्या. दोन पत्रे, मधात फोम. उन्हाळ्यात गार राह्यते. आता शाळा म्हना, दवाखाने म्हना, सगळीकडं हेच चालू हाये. वीट भिजवा, गवंडी शोधा, पावसाची वाट पाहा, कायी भानगडच नाही."

"अन् खोलाले किती वेळ लागते?"

"हातात कसब असलं त एक दुपार पुरे."

ती दुपार चोराला आयती मिळाली होती. काल तिजेचं विसर्जन होतं. तांड्यातल्या पोरींनी टोपल्यांत वाढवलेले गव्हाचे हिरवे कोंब घेऊन लहानथोर सगळे नदीवर गेले होते. गाणी म्हणत, नाचत, भिजत परत आले तर ही जागा मोकळी. आठवड्यापूर्वीच इथं फीत कापून झाली होती, हारतुरे, फोटो सगळं झालं होतं. नर्सबाई तेवढी यायची राहिली होती.

सत्यशीला चौथऱ्यावर चढली. सिमेंटमधून जागोजागी बोल्ट वर आले होते, भिंती ज्यांना आवळल्या होत्या ते. ती खाली वाकली. प्रत्येक बोल्टवर त्याचा नट परत फिरवून बसवलेला होता आणि वरून बोटानं ग्रीस लावलेलं होतं.

चोराला घाई असते. इमारत पळवून झाल्यावर हा कोणता चोर नीट बसून नट फिरवतो आणि वर ग्रीस चोपडतो?

"हे काम फिटरचंच," नागोराव हळहळत म्हणाला. "सवय जात नाही."

तांड्याचा नायक खेमसिंग इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून गप्प उभा होता. पांढऱ्या मिशा, भारदस्त आवाज. तो आता कोणाकडं न पाहता बोलला.

"खोलनारा या भागात एकच हाये. ज्यानं जोडला तो. नासिर."

२

बोरी अरबमध्ये नासिरचं दुकान शोधायला लागलं नाही. दुकानासमोर दोन बैलगाड्या उभ्या होत्या आणि तांड्याची माणसं आतून पाण्याच्या मोटारी उचलून बाहेर आणत होती. दुरुस्त झालेल्या नव्हेत. अर्धवट खोललेल्या, तारा लोंबणाऱ्या, तशाच.

नासिर बाजूला उभा होता. चाळिशीचा, किडकिडीत, हातात फडकं. कोणाला अडवत नव्हता. त्याची आई हजराबी मात्र उंबऱ्यात बसून प्रत्येकाला नावानं हाक मारत होती.

"अरे फुलसिंग, तेरे बाप की मोटर इसके दादा ने बांधी थी रे! मांडीवर खेळोलं तुले. आज नजर उचलत नाही?"

फुलसिंगनं नजर उचलली नाही. मोटार उचलली आणि गेला.

"सबसे पहले नायक का आदमी आया," हजराबी सत्यशीलेला म्हणाली. "सुबह सुबह. खेमसिंग की मोटर ले गया. नायकानं नेली म्हनल्यावर बाकीचे कायले राह्यतीन?" तिनं पदर तोंडाला लावला. रडू तिला नको होतं, पण ते आलंच.

सत्यशीलेला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून संशय सोडायचा, अशी तिची रीत नव्हती. भले दिसणारे चोर तिनं पुष्कळ पाहिले होते.

"काल दुपारी कुठं होता?"

"अथीच. माय झोपली होती. गिऱ्हाईक नव्हतं, समदा तांडा नदीवर. कोनी पाह्यलं नाही मले," नासिर म्हणाला. स्वतःच्या विरुद्धची गोष्टही त्यानं सरळ सांगून टाकली. "मॅडम, एक बोलू? जोडतानाच मले त्या भिंती नव्या नाही वाटल्या. कोपऱ्यात जुने भोकं होते, वरून पांढरी पुट्टी भरेल. मी नागोरावले म्हनलं. त त्यानं मलेच झापलं, तू तुयं काम कर म्हने. त्यावरून आमचं वाजलं. यापुढं तुले माह्या एकाही कामावर उभा करनार नाही म्हने."

म्हणजे वैरही निघालं. भांडण झालेला फिटर, दुपारचा एकटा, हातात पाने. वरच्यांना अजून काय हवं? तेवढ्यात ठाणेदारांचा फोन आलाच. "मुनेश्वर, कागद कायले वाढवता? उद्या त्या फिटरले आत घ्या अन् मोकळ्या व्हा."

फोन ठेवताना तिची नजर फळीवरच्या डबीवर गेली. तिनं झाकण काढलं. आतलं ग्रीस हिरवट होतं. चौथऱ्यावरचंही तसंच होतं.

"हे कुठून आणलं?"

"नागोरावनं देलतं. त्याच्या समद्या फिटरले तो हेच देते," नासिर म्हणाला, आणि ती असं का विचारते आहे हे कळून त्याचा चेहरा उतरला.

३

नायकाची बायको भुरीबाई हातापायात जुने दागिने, अंगात आरशांची काचळी घालून ओट्यावर बसली होती. तिची सून संगीता आत होती, दिवस भरत आलेली. दवाखाना गेला याचं खरं दुःख तांड्यात कोणाला असेल तर या बाईला. बाकीच्यांच्या तोंडी नुसती नवलाई होती.

"डबा म्हनत होते समदे. आमचा नायक बी म्हने, हा डबा वाऱ्यानं जाईन, विटाचा पाह्यजे. मी म्हनलं, डबा त डबा. माह्या नातवाले दारव्ह्याच्या दवाखान्यात नेता नेता रस्त्यात नाही जन्माले यावं लागनार." ती थांबली. "माही पोटुशी पोरगी त्या रस्त्यात गेली, बाई. म्हनून मी त्या दवाखान्याले रोज पाहू पाहू येत होती. अन् पाहा, माही पोटली बी त्याच्यासंगं गेली."

"कोणती पोटली?"

"घराची चौखट बसवताना नाही बांधत आपन? हळकुंड, सुपारी, जवारीचे दाने. इथं लाकडाची चौखटच नव्हती, बांधू कुठं? नासिर म्हने, काकी, ही लोखंडी चौखट आतून पोकळ हाये, द्या इकडं. त्यानं वरून आत सोडली अन् टोपन ठोकलं. बांधाले फडकं बी माह्या या काचळीचं देलतं, बाहीचं." तिनं बाही पुढं केली. आरशांची एक ओळ मधेच तुटली होती, कड कापलेली. "नायक हासला मले."

सत्यशीलेनं मान हलवली. बायकांच्या पोटल्यांचा पंचनामा करायचे तिचे दिवस नव्हते. पण ओट्याकडं पाहता पाहता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. या तांड्यात काही वाया जात नव्हतं. खताच्या पोत्यांचे पडदे होते, तेलाच्या डब्यांत तुळशी होत्या, जुन्या फ्लेक्सखाली गाय उभी होती.

"भुरीबाई, भिंती जोडल्या तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक कोणी नेलं?"

"कायचं प्लास्टिक?"

"नवीन पत्र्यावर पातळ प्लास्टिक चिकटेल राह्यते. आमच्या ठाण्यात कपाट आलं त त्याच्यावरही होतं. सोलून काढावं लागते."

"तेच त मागाले गेलती मी, गोठ्यावर टाकाले! फुलसिंगच्या बहिनीकडं शाळेचा असाच डबा आला, तिले ढीगभर भेटलं होतं. त नासिर म्हने, काकी, याच्यावर कायीच नाही."

सत्यशीला सावरून बसली. नासिर खोटं बोलला नव्हता. या भिंती नव्या नव्हत्या. इथं येण्याआधी त्या कुठंतरी उभ्या होत्या.

"काल नदीवर सगळे होते? नायकसुद्धा?"

"हो नं. मधात एकदा तेवढे परत आलते. नारळ घरीच राह्यला होता, तो आनाले." भुरीबाईनं सहज सांगितलं आणि मग तिचाच आवाज मंदावला. "पन आनला नाही. तसेच आले, रिकाम्या हातानं. मी म्हनलं, नारळ? त म्हने, राहू दे."

नारळ आणायला गेलेला नायक नारळच विसरून आला. असं त्यानं तांड्यात काय पाहिलं होतं?

४

खेमसिंगनं काही पाहिलं नव्हतं. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

"म्हातारा झालो. इसरलो."

"नारळ इसरून नदीवर गेला हे समजते. नारळासाठी परत आला अन् पुन्हा नारळच इसरला?"

"हो," असं म्हणून नायकानं बिडी पेटवली. काडी दोनदा विझली.

तांड्याबाहेर त्याचा पुतण्या राजकुमारची वीटभट्टी होती. पावसाळ्यात भट्टी थंड, पण गेल्या हंगामाच्या विटांच्या थप्प्या ताडपत्रीखाली पडून होत्या. राजकुमार खुशीत होता आणि ती खुशी लपवण्याइतका हुशार नव्हता.

"विटाचं घर कोनी खांद्यावर घेऊन जाते का मॅडम? मी बोंबलून सांगत होतो. आता येते त्यायच्या ध्यानात. काका त कालच म्हनले, राजा, विटा कोनाले देऊ नको, आपल्या दवाखान्याले लागतीन."

"काल? काल कधी?"

"नदीवरच की. विसर्जन चालू होतं तवा."

सत्यशीलेनं त्याच्याकडं पाहिलं. तो बोलून मोकळा झाला होता. आपण काय बोललो ते त्याला कळलंही नव्हतं. दवाखाना गेल्याचं तांड्याला घरी परतल्यावर समजलं, आणि विटा लागणार हे नायकाला मात्र नदीवरच ठाऊक होतं.

ती पुन्हा चौथऱ्यावर येऊन बसली. ऊन कलत होतं. आता संशय धरायचा तरी कोणावर? नायकावर धरावा तर तो काठीशिवाय चालत नाही. राजकुमारला पाना कसा धरतात ठाऊक नाही. आणि नासिर? तिनं एका नटावर बोट फिरवलं. ग्रीस बोटाला लागलं.

सकाळी तिला वाटलं होतं, हे फिटरच्या सवयीचं काम आहे. नागोरावनं तसं सुचवलं होतं आणि तिनंही ते निमूट गिळलं होतं. पण सवय कशाची असते? आटे गंजू नयेत, मार लागून चेंबू नयेत, म्हणून नट परत फिरवतात. म्हणजे हे बोल्ट कोणाला तरी पुन्हा वापरायचे होते. चोरून नेणारा या चौथऱ्यावर परत कशाला येईल? नासिरला तर नागोरावच्या कामावर पुन्हा पाय ठेवायचीही बंदी होती. या जागेवर ज्याला पुन्हा भिंती उभ्या करायच्या होत्या असा माणूस एकच होता.

तिनं फोन लावला. आवाज शक्य तितका कंटाळवाणा केला. "नागोराव, त्या फिटरला उद्या उचलते. तुमची सही लागेल. कुठं भेटाल?"

"उद्या? उद्या नाही जमत मॅडम," तो आनंदानं म्हणाला. "मारेगावकडं आहो. अथी एका पोडावर उद्घाटन हाये. दवाखान्याचंच."

५

यवतमाळ, करंजी, मारेगाव. जीपमध्ये पुढं सत्यशीला, मागं नासिर, भुरीबाई आणि खेमसिंग. नायकाला यायचं नव्हतं. पण भुरीबाई म्हणाली, "तुमी नाही आले त मी समजीन काय समजाचं ते," आणि तो मुकाट चढला.  वाटेत नासिरनं विचारलं, "मले आत टाकाले नेऊन राह्यले का?" "ते तथी गेल्यावर समजन," सत्यशीला म्हणाली. डाव फसला तर ठाणेदार तिला सोडणार नव्हते आणि नासिरलाही.

कोलामांच्या पोडावर, त्यांच्या छोट्या वस्तीवर, मांडव पडला होता. झेंडूच्या माळा घातलेला पांढराशुभ्र दवाखाना उभा होता. दारावर लाल फीत. नागोरावनं त्यांना पाहिलं आणि त्याचं हसू क्षणभर जागच्या जागी थिजलं.

"हाच," भुरीबाई कुजबुजली.

"काकी, डबे समदे सारखेच राह्यते," नागोराव लगेच म्हणाला. "कारखान्याचा माल. एकासारखा एक. तेच त याचं कौतुक हाये."

आणि इथंच तर गोम होती. विटांच्या दोन घरांत फरक असतो, गवंड्याचा हात दिसतो. ही भिंत बोलत नव्हती. सत्यशीलेनं नासिरकडं पाहिलं. "चौकटीचं टोपण काढ."

"मॅडम, पाहुणे येऊन राह्यले!"

"येऊ द्या."

नासिरनं स्टूल घेतलं. टोपण निघालं. त्यानं वाकड्या तारेनं आत चाचपलं, आणि काहीच लागलं नाही. मांडवात कोणीतरी हसलं.  नासिरनं तार आणखी खाली घातली, हळूच फिरवली आणि ओढली.

तारेच्या टोकाला लाल कापडाची पोटली होती. तिच्यावर आरशांची एक तुटकी ओळ होती. भुरीबाईनं आपली बाही पुढं केली आणि पोटलीची कड तिला लावली. टाक्याला टाका जुळला.

नागोरावला घाम फुटला. पण तो कच्चा गडी नव्हता. "म्हनजे मीच फसलो की!" तो कपाळावर हात मारून ओरडला. "या नासिरनं माल खोलला अन् दुसऱ्याच्या हातानं माह्याच गोदामात आनून टाकला! मले काय मालूम माहाच माल हाये म्हनून? पाहा, पोटली नेमकी कुठं हाये ते बी त्यालेच मालूम!"

मांडवातल्या माना नासिरकडं वळल्या. नासिर स्टुलावरच उभा होता, हातात तार.  घरी हजराबी उंबऱ्यात बसली असेल आणि दुकान रिकामं असेल, एवढंच त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

सत्यशीला नागोरावशी बोललीच नाही. ती खेमसिंगकडं वळली.

"नायक, तुम्ही नारळ आणाले आलते तेव्हा याची माणसं भिंती खोलत होती. हो ना? यानं तुम्हाले काय सांगतलं ते मी सांगू? हा डबा मी नेतो, याच्या जागी विटांचा पक्का दवाखाना बांधून देतो, विटा तुमच्या पुतण्याच्या. तुम्ही फक्त काही पाह्यलं नाही म्हना. अन् कोनी विचारलं त नासिरचं नाव घ्या."

खेमसिंगची काठी जमिनीत रुतली.

"मग मले एक सांगा. चौथऱ्यावरच्या बोल्टवर नट फिरवून ग्रीस कायले लावलं असन? विटांच्या भिंतीले बोल्ट लागते का? बांधकाम तुम्ही जन्मभर पाह्यलं. याले वीट लावाचीच नव्हती, नायक. इथला फोटो निघाला की हाच डबा तुमच्याकडं परत येनार होता, नवीन म्हनून. तुम्हाले बी यानं तसंच गुंडाळलं."

 नायकानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. तांड्यात त्याला असं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"मी पाह्यलं," तो म्हणाला. "ट्रक याचा होता. मानसं याचीच होती. नासिर तथी नव्हता."

६

पुढं निघालं ते असं, की एकाच दवाखान्याची फीत ठिकठिकाणी कापली गेली होती. फोटो काढायचा, त्यावर नव्या दवाखान्याचं बिल उचलायचं, मग दुरुस्तीच्या नावाखाली डबा खोलायचा आणि दुसरीकडं जोडायचा. सोमला तांड्यातच पंचाईत झाली, कारण तिथं भुरीबाई रोज राखण करायची आणि दुरुस्तीची थाप तिनं ऐकली नसती. म्हणून तिजेचा दिवस धरला आणि आळ नासिरवर जावा म्हणून चोरीची तक्रारही आपणच दिली. नागोराव आत गेला. निघताना पोडावरच्या एका म्हातारीनं सत्यशीलेला विचारलं, "मंग आमचा दवाखाना कोनता?"  सत्यशीलेनं ते गाऱ्हाणं कागदावर घातलं, दोनदा घातलं, आणि पोडाला स्वतःचा दवाखाना मिळाला, पण पुढच्या वर्षी.

कोर्टाची परवानगी घेऊन तांड्याचा दवाखाना आधी परत आला. जोडायला नासिरच हवा होता. तो येतो की नाही, यावर तांड्यात पैजा लागल्या. त्याच्या दुकानात मोटारी हळूहळू परत येऊ लागल्या होत्या, फुलसिंगची पहिली. नायकाची आली नव्हती. सांगावा धाडायची त्याची हिंमत होत नव्हती.

शेवटी एका सकाळी बोरी अरबच्या बाजारातून खेमसिंग चालत गेला. गाडी नाही, गडी नाही, एका हातात काठी आणि खांद्यावर मोटार. लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहत होते. हजराबीनं त्याला उंबऱ्यात थांबवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "नासिर, मोटर आयी है. पाणी दे पहले, बुड्ढा मर जायेगा."

नासिर तांड्यावर आला. भिंती उभ्या राहिल्या. सत्यशीला मुद्दाम पाहायला आली होती. संगीता तान्ह्याला घेऊन सावलीत बसली होती. त्यानं दवाखान्याची वाट पाहिली नव्हती, पण संगीताला वेळेत दारव्ह्याला न्यायला सत्यशीलेची जीप होती. चौकट बसली तेव्हा नासिरनंच हात पुढं केला. "काकी, पोटली?" भुरीबाईनं ती त्याच्या हातात ठेवली.

नट एकेक करून आवळले गेले. शेवटचा राहिला तेव्हा नासिर उठला, घाम पुसला आणि पाना खेमसिंगपुढं धरला.

"हा तुमी आवळा, नायक."

"मले कुठं येते?"

"मी दाखोतो. बसा खाली." नासिर हसत नव्हता. "पुढच्या टायमाले डबा गेला त खोलनारे दोघं होतीन. एकट्याचं नाव नाही घेता येनार तुमाले."

 खेमसिंगनं काठी भुरीबाईकडं दिली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी पाना धरला. त्याला जोर पुरेना. नासिर शेजारी बसला आणि त्यानं नायकाच्या हातांवर आपले ग्रीसचे हात ठेवले.